इंग्रजीत आशा कशी सांगायची: नव्यानं बोलायला लागलेल्यांसाठी पायरीपायरीनं

काटोल, उमरेड, भंडारा, गोंदियाकडून नागपुरात नोकरीला आलेले मराठी मीडियमचे बरेच पोट्टे-पोट्टी माझ्यासोबत काम करतात, मीसुद्धा त्याच वाटेनं आले. आमच्याकडे रोज बाहेरदेशच्या लोकांशी मेल अन् कॉल असतात. टेन्स, पॅसिव्ह व्हॉइस हे सगळं शाळेत झालेलं असतं, पण ‘हे व्हावं असं वाटतंय’ एवढंच सांगायची वेळ आली की गाडी अडते. कारण ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात एका जागी सापडतच नाही, थोडी टेन्सच्या धड्यात, थोडी पत्रलेखनात, थोडी म्हणींमध्ये अशी विखुरलेली असते. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते, नवीन येणाऱ्यांना शोधत बसायला नको.

अजून एक अडचण आहे. आपण घरी बोलताना ‘मला आशा आहे की’ असं म्हणतच नाही. आपण म्हणतो ‘झालं पाहिजे बावा’, ‘देव करो अन् लागो नोकरी’, ‘जमून जाईल’, ‘पाहू आता’. मग इंग्रजीत जाताना डोक्यात आधी पुस्तकी मराठी येते, त्यावरून इंग्रजी बनतं, अन् ते अवघडलेलं निघतं. तो मधला मुक्काम गाळायचा आहे.

काय काय लागेल

- एक वही. मोबाइलवरच्या नोट्स चालतात, पण हातानं लिहिलेलं जास्त टिकतं असं माझं मत आहे.
- मोबाइलमधला व्हॉइस रेकॉर्डर.
- ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी, नेटवर दोन्ही फुकट पाहता येतात. अर्थापेक्षा खालची उदाहरणं वाचा, अन् स्पीकरचं चिन्ह दाबून उच्चार ऐका.
- एखादा इंग्रजी पेपर. आपल्याकडे ‘द हितवाद’ कोपऱ्यावरच्या स्टॉलवर मिळतो, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सुरू केलेला. खेळाचं पान अन् हवामानाची बातमी, एवढंच पुरे.
- तुम्ही स्वतः पाठवलेले जुने मेल. सगळ्यात कामाचं साहित्य हेच.

1. तोंड उघडायच्या आधी मनात दोन प्रश्न विचारा

‘होप’ हा शब्द ऐकला की समोरच्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात. एक, तुम्हाला ते हवं आहे. दोन, ते होईलच याची खात्री नाही, पण होऊ शकतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच ‘होप’ वापरा, एक जरी खरी नसली तरी दुसरा शब्द शोधा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यावरच उभ्या आहेत, म्हणून हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: हवंय का? होऊ शकतं का?

घाई करू नका, सुरुवातीला या विचाराला दोनतीन सेकंद लागतात अन् कॉलवर ते दोनतीन सेकंद खूप मोठे वाटतात, पण समोरच्याला ते जाणवतसुद्धा नाहीत.

2. होप, एक्स्पेक्ट, विश, लुक फॉरवर्ड: कोणता कधी

नागपूरच्या हवेचंच उदाहरण घेऊ, हे सगळ्यांच्या अंगावरचं आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, कूलर गरम हवा फेकून राहिला, तेव्हा तुम्ही काय म्हणाल?

‘आय होप इट रेन्स धिस ईव्हनिंग.’ पाऊस हवाय, अन् येऊ शकतो, मे मध्ये वादळी सरी येतातच. दोन्ही प्रश्नांना हो. बरोबर.

‘रेन इज एक्स्पेक्टेड धिस ईव्हनिंग.’ हे हवामान खात्याचं बोलणं. त्यांना पाऊस हवाय की नको याच्याशी संबंध नाही, त्यांच्याकडच्या माहितीवरून तो येईल असं दिसतंय. म्हणजे ‘एक्स्पेक्ट’मध्ये इच्छा नसली तरी चालते, पण कारण लागतं. म्हणून वाईट गोष्टीलाही ‘एक्स्पेक्ट’ चालतं, ‘वी आर एक्स्पेक्टिंग अ हीट वेव्ह’, तिथं ‘होपिंग’ म्हटलं तर तुम्हाला उष्णतेची लाट पाहिजे असा अर्थ होईल.

‘आय विश इट वॉजंट सो हॉट.’ आत्ता गरम आहेच, ते बदलणार नाही, फक्त मनातलं सांगतोय. इथं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येतं. म्हणून ‘विश’.

‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू द मान्सून.’ पावसाळा जूनमध्ये येणारच, शंका नाही, तुम्ही आनंदानं वाट पाहताय. खात्री असली अन् आनंद असला की ‘लुक फॉरवर्ड’. साध्या वाट पाहण्याला ‘वेट’, बस येईपर्यंत झाशी राणी चौकात उभे आहात तर ते वेटिंग.

यात सगळ्यात जास्त गडबड ‘एक्स्पेक्ट’ची होते. ‘आय एक्स्पेक्ट यू टू सेंड द फाइल टुडे’ हे आपल्याला ‘तुमच्याकडून फाइलची अपेक्षा आहे’ एवढं सौम्य वाटतं, पण ऐकणाऱ्याला तो साहेबाचा हुकूम वाटतो. वरिष्ठाला किंवा क्लायंटला असं लिहू नका. पायरी 4 अन् 6 मध्ये त्याऐवजी काय लिहायचं ते दिलंय.

3. ‘होप’च्या पुढे काय जोडायचं

चारच प्रकार आहेत. एकेका प्रकाराची स्वतःच्या आयुष्यातली पाच वाक्यं लिहा, दुसऱ्यांची पाठ करू नका.

पहिला, पूर्ण वाक्य: ‘आय होप यू लाइक नागपूर.’ ‘आय होप द ट्रेन इज ऑन टाइम.’ यात मध्ये ‘दॅट’ घातला तरी चालतो, बोलताना लोक गाळतात.

दुसरा, ‘टू’ अन् क्रियापद, पण करणारे तुम्ही स्वतःच असाल तेव्हा: ‘आय होप टू फिनिश माय डिग्री नेक्स्ट इयर.’

तिसरा, ‘फॉर’ अन् नाम: ‘वी आर होपिंग फॉर अ गुड ऑरेंज क्रॉप.’ संत्र्याचा बहार टिकून राहिला तर बरं, असं काटोल-वरुडकडचा माणूस म्हणेल तेच हे.

चौथा, उत्तरादाखल: ‘आय होप सो’ अन् ‘आय होप नॉट’. याला वेगळी पायरी लागते, पुढे आहे.

आता सापळे. ‘आय होप यू टू कम’ असं इंग्रजीत होत नाही. ‘आय वाँट यू टू कम’ होतं, ‘आय एक्स्पेक्ट यू टू कम’ होतं, म्हणून आपल्याला वाटतं हेही होत असेल, पण ‘होप’ला ते चालत नाही. ‘आय होप यू कॅन कम’ म्हणा. तसंच ‘आय होप यू गुड लक’ किंवा ‘आय होप यू अ हॅपी दिवाळी’ चुकीचं, शुभेच्छा द्यायला ‘विश’ लागतो: ‘आय विश यू अ हॅपी दिवाळी.’ अन् ‘आय ॲम हॅविंग होप दॅट’ हे तर सोडूनच द्या, साधं ‘आय होप’ पुरतं.

काळ कोणता? पुढच्या गोष्टीबद्दल बोलत असलो तरी ‘होप’नंतर बहुतेक वेळा साधा वर्तमानकाळ येतो, ‘आय होप शी गेट्स द जॉब’. ‘आय होप शी विल गेट द जॉब’ हेही चूक नाही, फक्त बोलताना पहिलं जास्त ऐकू येतं. झालेल्या पण अजून कळलेलं नाही अशा गोष्टीला भूतकाळ: ‘आय होप यू रीच्ड होम सेफली.’ रात्री मैत्रिणीला पाठवायचा हा मेसेज आहे, तो असाच लिहा.

स्पेलिंगचा एक सापळा इथंच सांगते, कारण तो मेलमध्ये फार दिसतो. ‘होपिंग’मध्ये पी एकच. दोन पी टाकले की तो ‘हॉपिंग’ होतो, म्हणजे एका पायावर उड्या मारणं. फोनचं स्पेलचेक हे पकडत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. बोलतानाही तेच, ‘हो’ लांब अन् गोल ओठांनी, ‘हॉ’ नाही.

4. ‘होप’ला आयएनजी लावला की काय होतं

आपण ‘मी वाट पाहून राहिलो’, ‘मी करून राहिलो’ असंच बोलतो, त्यामुळे ‘आय ॲम होपिंग’ आपोआप तोंडात येतं. ते चूक नाही, पण त्याचा स्वर वेगळा आहे. ‘आय होप’ सरळ आहे. ‘आय ॲम होपिंग’ थोडं मऊ, आत्तापुरतं, अजून काही ठरलं नाही असं.

अन् ‘आय वॉज होपिंग’ हा तर खरा खजिना आहे. दिसायला भूतकाळ, पण काम आजचं. कोणाकडे काही मागायचं असेल, सुट्टी, मदत, तारीख पुढे ढकलणं, तर हे सगळ्यात नम्र: ‘आय वॉज होपिंग आय कुड टेक फ्रायडे ऑफ.’ यात समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते, त्यामुळे तो हो म्हणायलाही मोकळा असतो. पोळ्याला गावी जायची सुट्टी मागायची असेल तर हे वाक्य पाठ करून ठेवा, ‘आय वाँट लीव्ह’पेक्षा शंभर पटीनं बरं.

5. नकाराची आशा, अन् ‘होप सो’चा गोंधळ

‘आय डोंट थिंक सो’ म्हणतात, म्हणून लोक ‘आय डोंट होप सो’ म्हणतात. ते होत नाही. नकार पुढे जातो: ‘आय होप नॉट.’ पूर्ण वाक्यातही तसंच, ‘आय होप इट डझंट रेन ऑन द वेडिंग डे.’

याहून महाग पडणारी गोष्ट दुसरी आहे. कॉलवर समोरचा विचारतो, ‘विल देअर बी अ डिले?’ अन् आपला माणूस घाईत, नम्रपणे म्हणतो, ‘आय होप सो.’ त्याच्या मनात असतं ‘पाहतो, सगळं नीट होईल’, पण तो बोलला ‘उशीर व्हावा अशी माझी इच्छा आहे’. समोर दोन सेकंद शांतता पसरते. म्हणायचं होतं ‘आय होप नॉट’. असंच दवाखान्यातलं: ‘इज इट सीरियस?’ याला ‘आय होप सो’ म्हणणं किती वाईट ऐकू येईल विचार करा.

सवय लावायची असेल तर दोघांनी बसा. एकानं आळीपाळीनं चांगले-वाईट प्रश्न विचारायचे, विल यू गेट द प्रमोशन, विल द पॉवर गो अगेन, इज द पेट्रोल पंप क्लोज्ड, विल युवर ब्रदर पास, अन् दुसऱ्यानं लगेच ‘होप सो’ किंवा ‘होप नॉट’ म्हणायचं. प्रश्नातली गोष्ट हवी असेल तर सो, नको असेल तर नॉट. दहा मिनिटं रोज, आठवड्यात जीभ वळते.

6. मेल अन् ऑफिस

सुरुवातीला ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’ किंवा ‘आय होप यू आर डूइंग वेल’ लिहायची पद्धत आहे. लिहा, त्यात काही वाईट नाही, पण त्याच दिवशी त्याच माणसाला तिसरा मेल जात असेल तर गाळा. सोमवारी ‘आय होप यू हॅड अ गुड वीकेंड’ जास्त जिवंत वाटतं.

शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ इथं ‘टू’नंतर आयएनजी येतो, ‘टू हिअर’ नाही. हे डोळे झाकून पाठ करा, कारण नोकरीच्या अर्जापासून सगळीकडे हे वाक्य लागतं. ‘होपिंग टू हिअर फ्रॉम यू’ लिहिलं तर मात्र ‘हिअर’च. ‘काइंडली डू द नीडफुल’ आपल्या ऑफिसांत सर्रास चालतं, बाहेरच्या माणसाला ते जुनाट वाटतं अन् नेमकं काय करायचं तेही कळत नाही, त्यापेक्षा काम सांगा: ‘कुड यू प्लीज साइन पेज टू?’

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारीख देताना. ‘आय होप टू सेंड द रिपोर्ट बाय फाइव्ह’ म्हटलं की पायरी 1 आठवा, तुम्ही त्याला सांगितलं की खात्री नाही. तुमच्या मनात ते वचन होतं, त्याला ते ‘कदाचित’ ऐकू आलं. खात्री असेल तर ‘आय विल सेंड इट बाय फाइव्ह’. बऱ्यापैकी खात्री असेल तर ‘आय एक्स्पेक्ट टू सेंड इट बाय फाइव्ह’, स्वतःबद्दल बोलताना ‘एक्स्पेक्ट’ उद्धट नाही वाटत. खरंच सांगता येत नसेल तरच ‘होप’, अन् सोबत कारण द्या. आपल्याकडे ‘होऊन जाईल’ म्हणायची सवय आहे, समोरच्याचं मन मोडू नये म्हणून, अन् ती सवय चांगल्या मनातूनच येते, पण इंग्रजी मेलमध्ये ‘विल’ लिहिलं की ते वचन धरलं जातं. खरं लिहा.

एक नमुना देते, असाच कॉपी करू नका, आपलं काम त्यात बसवा:

‘हाय डेव्हिड, आय होप यू हॅड अ गुड वीकेंड. द फर्स्ट पार्ट इज डन अँड आय विल सेंड इट टुडे. आय होप टू फिनिश द सेकंड पार्ट बाय वेन्सडे, बट आय ॲम स्टिल वेटिंग फॉर टू नंबर्स फ्रॉम द अकाउंट्स टीम. आय होप दॅट्स ओके. आय विल अपडेट यू टुमॉरो आयदर वे.’

पाहा यात काय आहे. खात्रीच्या दोन गोष्टींना ‘विल’, शंकेच्या गोष्टीला ‘होप’, अन् शंका का आहे ते लगेच पुढे. असा मेल वाचून कोणी रागावत नाही.

‘होप यू अंडरस्टँड’ हे शेवटी टाकायची सवय सोडा. आपण ‘समजून घ्याल’ या अर्थी लिहितो, वाचणाऱ्याला ‘आता तरी कळलं ना’ असं वाटू शकतं. ‘थँक यू फॉर अंडरस्टँडिंग’ किंवा वरचं ‘आय होप दॅट्स ओके’ वापरा.

‘होपफुली’बद्दल: वाक्याच्या सुरुवातीला ‘होपफुली, द सर्व्हर विल बी अप सून’ असं म्हणणं बरेच जुने संपादक चुकीचं मानायचे, त्यांच्या मते त्याचा अर्थ फक्त ‘आशेनं’ असाच व्हायला हवा. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेसच्या स्टाइलबुकनं 2012 मध्ये हा वापर मान्य केला. तेव्हा बिनधास्त वापरा, फक्त प्रत्येक वाक्यात नको, नाहीतर तुमच्या हातात काहीच नाही असं वाटायला लागतं.

7. ‘विश’ थोडं अजून

‘विश’नंतर वाक्य आलं तर काळ एक पाऊल मागे जातो. आत्ताची गोष्ट असेल तर भूतकाळ: ‘आय विश आय न्यू जर्मन’, येत नाही म्हणून. गेलेली गोष्ट असेल तर ‘हॅड’: ‘आय विश आय हॅड स्टार्टेड अर्लियर.’ अन् ‘आय विश यू वुड कॉल मी’ म्हणजे ‘फोन करत जा ना, करत नाहीस’, यात तक्रार असते, साहेबाला म्हणू नका.

भरती, रिझल्ट, मुलाखत, यांच्याबद्दल निकाल लागायच्या आधी ‘होप’, लागल्यावर मनासारखं नाही झालं तर ‘विश’. एवढं लक्षात राहिलं तर बाकी हळूहळू येतं.

8. आजारी माणूस, वाईट बातमी

इथं मी तुम्हाला थांबून वाचायला सांगते. नागपुरात अख्ख्या विदर्भातून, छत्तीसगड अन् मध्य प्रदेशातूनही लोक उपचाराला येतात, आपल्यापैकी प्रत्येकाचं कोणी ना कोणी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, वॉर्डात राहून आलेलं असतं, त्यामुळे मराठीत अशा वेळी काय बोलायचं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. जवळ जाऊन बसतो, डबा नेतो, ‘होईल बरं, काळजी नको करू’ म्हणतो. इंग्रजीत, तेही मेलवर, ती जवळीक शब्दांतच आणावी लागते.

साधं आजारपण, ताप, छोटं ऑपरेशन: ‘आय होप यू फील बेटर सून’ किंवा ‘गेट वेल सून’. पुरेसं आहे.

मोठं दुखणं, जिथं बरं होईल की नाही हे कोणालाच माहीत नाही: तिथं ‘आय होप यू विल बी परफेक्टली फाइन’ लिहू नका. माणूस स्वतः त्या भीतीत असतो, त्याला असं वाटतं की याला माझी परिस्थितीच कळली नाही. आशा छोटी करा, आजच्यापुरती करा. ‘आय होप टुडे इज अ लिटल इझियर.’ ‘आय होप युवर मदर हॅज अ गुड नाइट.’ आईला आज रात्री झोप लागो, एवढी आशा खोटी ठरत नाही अन् ती मनाला लागते. कोणी केमोथेरपीला जात असेल तर ‘आय ॲम थिंकिंग ऑफ यू’ म्हणा अन् थांबा. सोबत काही करता येण्यासारखं असेल तर तेही लिहा, ‘आय कॅन टेक युवर मॉर्निंग कॉल्स धिस वीक’. परदेशातल्या सहकाऱ्याला आपण डबा नाही नेऊ शकत, त्याचा सकाळचा कॉल तर घेऊ शकतो.

कोणी गेलं असेल तर ‘होप’नं सुरुवात नको. ‘आय ॲम सो सॉरी फॉर युवर लॉस.’ त्या माणसाबद्दल एखादं चांगलं वाक्य, बस. ‘आय होप यू विल रिकव्हर फ्रॉम धिस सून’ असं लिहिलेले मेल मी पाहिलेत, लिहिणाऱ्याच्या मनात माया असते, पण घरचं माणूस गेल्यावर कोणी लवकर बरं व्हायचं नसतं.

9. मुलाखतीत

‘व्हेअर डू यू होप टू बी इन फाइव्ह इयर्स?’ हा प्रश्न येतोच. नुसतं ‘आय होप टू बिकम अ टीम लीड’ म्हटलं तर ते अर्धवट राहतं. अमेरिकेच्या कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये आशेची एक मांडणी केली, त्यांच्या मते आशेत ध्येयासोबत दोन गोष्टी असतात: तिथं पोचायच्या वाटा दिसणं, अन् त्या वाटेनं चालायची उमेद असणं. मला हे फार पटतं, अन् मुलाखतीच्या उत्तराला तर अगदी फिट्ट बसतं. तीन वाक्यं बनवा.

ध्येय: ‘आय होप टू लीड अ स्मॉल टीम.’
वाट: ‘आय ॲम लर्निंग एक्सेल ऑटोमेशन, अँड इफ देअर इज नो ओपनिंग हिअर, आय वुड लाइक टू वर्क विथ अनदर डिपार्टमेंट फर्स्ट.’ दुसरी वाट सांगितली की समोरच्याला कळतं तुम्ही खरंच विचार केलाय.
उमेद: जे आधीच करून दाखवलं ते. ‘आय ट्रेन्ड थ्री न्यू पीपल इन माय लास्ट जॉब.’ खरं असेल तेच सांगा.

सापळा: ‘होपलेस’ अन् ‘होपफुल’. ‘आय ॲम होपफुल’ म्हणजे मला आशा वाटते, चांगलं. ‘आय ॲम होपलेस ॲट मॅथ्स’ म्हणजे गणितात माझं काही होणार नाही, मुलाखतीत स्वतःबद्दल हे बोलायचं नाही. अन् बातमीत ‘यंग होपफुल्स’ दिसलं तर ते नाम आहे, आशेनं आलेले उमेदवार.

10. रोजच्या बोलण्यातले तुकडे

आपण परीक्षेच्या निकालाला देव पाण्यात घालून बसतो, इंग्रजीत लोक बोटं एकमेकांवर चढवतात, ‘फिंगर्स क्रॉस्ड’. मेसेजमध्ये एवढंच लिहिलं तरी पुरतं. ‘टच वुड’ मात्र याच्या जागी वापरू नका, ते आधीच चांगलं चाललंय त्याला नजर लागू नये म्हणून म्हणतात, ‘नो प्रॉब्लेम सो फार, टच वुड’. अमेरिकन माणूस ‘नॉक ऑन वुड’ म्हणेल.

कशावर डोळे लावून बसणं म्हणजे ‘टू पिन युवर होप्स ऑन समथिंग’. उगाच फार आशा लावू नको हे ‘डोंट गेट युवर होप्स अप’. आशेवर पाणी फिरलं तर ‘होप्स वेअर डॅश्ड’, हे बातम्यांत फार. काही शक्यताच उरली नाही तरी धरून ठेवलेली आशा, ती ‘होप अगेन्स्ट होप’, बायबलच्या इंग्रजी भाषांतरातून आलेला शब्दप्रयोग आहे. अन् ‘डोंट होल्ड युवर ब्रेथ’ कोणी म्हटलं तर तो दम धरायला सांगत नाहीये, तो म्हणतोय वाट पाहू नको, होणार नाही.

देवाचं नाव घ्यायचं असेल तर ‘गॉड विलिंग’ आहे. ऑफिसच्या मेलमध्ये सहसा टाकत नाहीत, पण बोलताना, विशेषतः घरगुती गप्पांत, कोणाला वावगं वाटत नाही.

11. सराव कुठं अन् कसा

क्लास लावायचाच असं नाही. सीताबर्डीत फीचे बोर्ड पाहून घाबरू नका, आधी हे करा.

जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर मॅच असो की नसो, रोज पेपरच्या खेळाच्या पानावर ‘होप’ असलेली वाक्यं पेनानं अधोरेखित करा. मॅचच्या आदल्या दिवशीच्या बातमीत ‘होप टू’ हमखास सापडतं, हरल्यावरच्या बातमीत ‘होप्स’. हवामानात ‘एक्स्पेक्टेड’ अन् ‘लाइकली’. दोन आठवड्यांत फरक तुम्हालाच दिसायला लागेल, कोणी समजवून सांगायची गरज पडत नाही.

मेट्रोनं खापरीपर्यंत जात असाल तर तो वेळ रेकॉर्डरचा. आज काय व्हावं वाटतंय ते तीन वाक्यांत हळू आवाजात बोला, उतरल्यावर ऐका. संध्याकाळी त्यातलं काय झालं, काय नाही, ते बोला, म्हणजे ‘होप’ची वाक्यं आपोआप ‘आय ॲम ग्लॅड’ अन् ‘आय विश’मध्ये बदलतात. याच्याइतका चांगला सराव मला दुसरा माहीत नाही.

रविवारी सेंट फोल्डर उघडा. जिथं जिथं ‘होप’ लिहिलंय तिथं पायरी 1 चे दोन प्रश्न लावा. जिथं खात्री होती तिथं ‘विल’ हवा होता, जिथं हुकूम झाला तिथं ‘आय वॉज होपिंग’ हवं होतं. वहीत फक्त सुधारलेलं वाक्य लिहा.

12. नेहमी विचारल्या जाणाऱ्या दोनतीन शंका

‘मे’ वापरू का, ‘मे यू सक्सीड’ असं? वापरा, पण ते ‘यश मिळो’सारखं, कार्डावर, भाषणात, आशीर्वादात. रोजच्या बोलण्यात जड वाटतं.

‘डिझायर’ चालेल का? नको. ऑफिसात ‘आय डिझायर टू जॉइन युवर कंपनी’ विचित्र ऐकू येतं, ‘आय वुड लव्ह टू जॉइन’ म्हणा.

मुलाखत होऊन आठवडा झाला, काहीच कळवलं नाही, तर काय लिहू? हे सगळ्यात जास्त जण विचारतात. छोटं लिहा: ‘थँक यू अगेन फॉर युवर टाइम लास्ट वीक. आय वॉज होपिंग टू चेक इफ देअर इज एनी अपडेट. आय ॲम स्टिल व्हेरी इंटरेस्टेड इन द रोल.’ सकाळी दहाच्या सुमारास पाठवा, अन् उत्तर नाही आलं तर अजून एक आठवडा थांबून एकदाच पाठवा. तोवर दुसरीकडचे अर्ज चालू ठेवा.